रविवार पेठेतलं काष्ठौषधीचं दुकान : चार स्टार, पाचवा त्या पोऱ्यानं खाल्ला

आधीच सांगते, दुकानाचं नाव टाकणार नाहीये. खाली एक तक्रार आहे आणि त्यापायी कुणाची नोकरी जायला नको. शिवाय बोहरी आळीच्या आसपास अशी दोन-चार दुकानं आहेत, जुन्या पुणेकरांना वर्णनावरून कळेलच. पाटीचा रंग उडालाय, पायरी उंच आहे (गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवा), आत शिरलं की वेखंड, कापूरकचरी आणि डिकेमालीचा मिळून जो वास येतो तो घरी आल्यावर पर्सला पण दोन दिवस राहतो.

तर झालं असं की लेकीचं बाळंतपण होतं आणि ती आहे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला. मला जायचं होतं तीन महिन्यांसाठी. आमच्या ९१ वर्षांच्या सासूबाईंनी यादी लिहून दिली, थरथरत्या अक्षरात, पाठपोट. बाळगुटीचं सगळं, बाळंतशोपा, अळीव, डिंक, गोडंबी, वावडिंग, धुरीसाठी ओवा आणि धूप, कोष्ठ, शतावरी. लेक फोनवर म्हणाली आई कशाला दुकानं हिंडतेस, ऑनलाइन सेट मिळतो, मी ऑर्डर करते. केला. आला. छान डबा, वर बाळाचा फोटो, आत अठरा काड्यांचे तुकडे एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकावर पण नाव नाही, मुरुडशेंगेला भोकं पडलेली, त्यातून पिठूळ भुसा गळत होता, आणि वेखंड तर चक्क पूड करून घातलेलं. मी ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजला बॉटनी शिकवलंय हो, तरी त्यातले पाच-सहा तुकडे मला नाही ओळखता आले. जे मला ओळखता येत नाही ते मी नातवंडाच्या तोंडात घालू? डबा परत पाठवला आणि रिक्षा करून पेठेत गेले.

दुकानात काका बसलेले असतात, पंचाहत्तरीचे तरी असतील. गल्ल्यामागे भिंतभर लाकडी खण आणि त्यावर पत्र्याचे डबे, डब्यांवर नावं खडूनं लिहिलेली, त्यातली अर्धी पुसलेली, पण काकांना बघावं लागतच नाही, हात बरोबर जातो. मी यादी पुढं केली. त्यांनी चष्मा वर ढकलून पूर्ण वाचली, आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणासाठी आहे ताई, आणि जाणार कुठं?" मला आधी वाटलं ह्यांना काय करायचंय, पण नंतर कळलं की ह्या प्रश्नावरच सगळं दुकान चालतं.

कोष्ठावर बोट ठेवलं आणि म्हणाले हे नेऊ नका. का तर त्याला परदेशात न्यायला कागद लागतात, विमानतळावर धरलं तर उगाच ताप. मला एकदम लाज वाटली कारण हे मला माहीत असायला हवं होतं, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर साइट्स नावाचा जागतिक करार आहे, काश्मीरकडचं कोष्ठ त्याच्या पहिल्या यादीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेतच म्हणा ना, जंगलातून उपसून उपसून संपत आलेली वनस्पती. गिऱ्हाईक समोर उभं, पैसे घेऊन, आणि दुकानदार म्हणतोय नका घेऊ. अर्धा स्टार तिथंच दिला मी.

मग एकेक वस्तू निघायला लागली आणि खरं सांगते, वर्गात मी जे फळ्यावर शिकवायचे ते इथं हातात येत होतं. हिरडा काढला, बाळहिरडा, म्हणजे कोवळा असतानाच पडलेला, काळा, सुरकुतलेला, आंबेगाव-जुन्नरकडचा. तिकडची महादेव कोळी माणसं डोंगरातून गोळा करतात. हाच हिरडा तिबेटी वैद्यकात औषधांचा राजा समजतात आणि त्यांच्या औषधबुद्धाच्या चित्रात त्याच्या हातात ह्याचीच डहाळी असते. जुन्नरच्या बाईच्या टोपलीत तोच आणि बुद्धाच्या हातात पण तोच! अतिविष काढलं तर काकांनी एक गाठ घेतली, कट्कन मोडली आणि दाखवली, आत पिठासारखी पांढरी शुभ्र. "आत पांढरं नसेल तर घ्यायचं नाही, कुणीही काहीही सांगू दे." हे हिमालयातलं, बचनागाच्या कुळातलं, बचनाग जहाल विषारी आणि हे नाही, पण सुकल्यावर नवख्या माणसाला फरक कळणं अवघड. महाग पण आहे, दहा ग्रॅमला दीडशे रुपये घेतले, आणि महाग वस्तूतच भेसळ जास्त हे काय सांगायला हवं.

मुरुडशेंग मात्र मी स्वतः निवडून घेतली. पिळा घातल्यासारखी असते, स्क्रूसारखी. पोटात मुरडा आला की मुरडलेली शेंग, एवढं सरळ लॉजिक. हसू येतं पण ही पद्धत जगभर आहे, युरोपात सुद्धा फुप्फुसासारखं ठिपक्यांचं पान दिसलं की ते छातीच्या विकाराला द्यायचे, अक्रोडाचा गर मेंदूसारखा दिसतो म्हणून डोक्याला. वनस्पती सही करून ठेवते असं समजायचे. बऱ्याचदा चुकायचं, कधीकधी लागू पडायचं.

आता ज्येष्ठमध. मी म्हटलं पन्नास ग्रॅम जास्तीचं द्या, माझ्यासाठी, घसा धरतो. काका म्हणाले बीपी आहे का? आहे. गोळी चालू? चालू. मग नको. मी म्हटलं अहो काडी चघळायची नुसती. तर म्हणे कधीतरी चघळा, रोज नको, अंगावर सूज येते. बरोबर आहे त्यांचं. ज्येष्ठमधात जे गोड असतं ना, साखरेपेक्षा कितीतरी पट गोड, तेच शरीरातलं पोटॅशियम कमी करतं आणि बीपी वर नेतं. काकांना पोटॅशियम माहीत नसेल, सूज माहीत आहे. आणि मजा म्हणजे हीच भानगड पुढं नेदरलँड्समध्ये भेटली, तिथं लोक द्रॉप म्हणून ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या दिवसभर चघळतात, खारट पण असतात, मला दिली एकीनं, तोंडातून काढता पण येईना आणि गिळता पण येईना. त्यांच्याकडे पण बीपीवाल्यांना हेच सांगतात की बेतानं खा. चिनी औषधांत तर कितीतरी काढ्यांत ज्येष्ठमध असतं, गान्साओ म्हणतात, म्हणजे गोड गवत.

आमच्या शेजारच्या आजोबांनी सर्पगंधा आणायला सांगितली होती, बीपीसाठीच. ती काकांनी सरळ नाकारली. "वैद्याची चिठ्ठी आणा." आजोबा नंतर माझ्यावर भडकले, पण काकांचंच खरं आहे. सर्पगंधा ही काही चहात टाकायची वस्तू नाही. आपल्या मुंबईच्याच डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं आणि मग सगळ्या जगाचं लक्ष गेलं की ह्या मुळीनं बीपी खरंच उतरतो, १९५२ मध्ये त्यातून रेसरपीन नावाचं द्रव्य वेगळं काढलं स्वित्झर्लंडच्या लोकांनी, बरीच वर्षं जगभर बीपीला तेच द्यायचे. आणि तेच घेऊन काही पेशंट इतके उदास व्हायचे की डॉक्टरांना औषध थांबवावं लागायचं. म्हणजे मुळीत दम आहे, म्हणूनच ती पुडीत बांधून द्यायची नाही. जो दुकानदार सगळंच विकतो त्याच्याकडून काहीच घेऊ नये असं माझं मत आहे.

पूड मागितली की काका वैतागतात. शतावरीची पूड मागितली तर म्हणाले, "मुळ्या घ्या, घरी दळा. पूड झाली की मला पण कळत नाही त्यात काय आहे." हे वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे. अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतून ७० आयुर्वेदिक तयार औषधं घेऊन तपासली होती, २००४ मध्ये छापून आलं, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. दर पाचात एक. आणि ही सगळी दुकानात तयार मिळणारी. आपण खडूनं लिहिलेल्या डब्याला नावं ठेवतो, पण निदान त्या डब्यातली वस्तू दिसते तरी, मोडता येते, हुंगता येते, चाटून बघता येते.

आता तक्रार. बिल एक हजार एकशे चाळीस झालं, घरी येऊन सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या कुड्याचं पाळ कुठंय. राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी परत गेले तर काका नव्हते, कुणाच्या तरी तेराव्याला गेले होते, आणि गल्ल्यावर एक पोरगा, कानात ते बिनवायरचं यंत्र, फोनवर मॅच. मी म्हटलं पांढऱ्या कुड्याचं पाळ दे. त्यानं बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि एका डब्यातून साल काढून पुडी बांधली. घरी आले, सवयीनं कणभर जिभेवर ठेवलं. कडूच लागेना! आता पांढरा कुडा म्हणजे काय तर कडू जहर, चुकून बोटाला लागलं तर जेवताना घास कडू लागतो, आणि हे मात्र मुळमुळीत. काळा कुडा दिला होता पठ्ठ्यानं. दोघांच्या शेंगा लांब, दोघांची फुलं पांढरी, दोघांनाही कुडाच म्हणतात, पण आमांशाला चालतो तो पांढराच. परत गेले तर म्हणतो, "मावशी एकच असतं हो सगळं, नावं वेगळी." अरे बाबा उलट आहे! नाव एक असतं आणि झाडं वेगळी असतात, हेच तर सगळं दुखणं आहे!

मी तिथं त्याला लेक्चर दिलं, मागं तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती तरी. पण सवय जात नाही. आणि ह्या कुड्यानं भल्याभल्यांना फसवलंय, झाडांना लॅटिन नावं देणाऱ्या खुद्द लिनियसची गल्लत झाली होती, आमांशाच्या झाडाचं नाव त्यानं दुसऱ्याच झाडाला देऊन टाकलं आणि ते अजून तसंच चाललंय, औषध एकाचं आणि लॅटिन नावात आमांश दुसऱ्याच्या. युरोपात पांढऱ्या कुड्याची साल तेल्लीचेरी बार्क म्हणून जायची.

त्या मुलाला मी बेल्जियमचं सांगितलं नाही, सांगायला हवं होतं. आइंडहोव्हनहून बेल्जियमची हद्द जवळच आहे, लेकीकडे असताना एकदा तिकडं गेलो तेव्हा मला सारखं तेच आठवत होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल देत होते. त्यात फांग-जी नावाची मुळी घालायची होती. आता चीनमध्ये फांग-जी नावाच्या मुळ्या एकाहून जास्त आहेत, हान फांग-जी वेगळी आणि ग्वांग फांग-जी वेगळी, एक आपल्या गुळवेलीच्या कुळातली आणि दुसरी ईश्वरीच्या म्हणजे सापसंदच्या कुळातली. पुडीवर नाव आलं फांग-जी, आत निघाली दुसरीच. शंभरावर बायकांच्या किडन्या बिघडल्या, पुढं कितीजणींना कॅन्सर झाला. कुणी मुद्दाम विष नव्हतं घातलं हो. एखाद्या पोऱ्यानं चुकीच्या डब्यात हात घालावा, तसंच. आणि अजून एक, हे तर बाळांच्याच बाबतीतलं. आपण बिर्याणीत घालतो ते चक्रीफूल, त्याचा पोटदुखीसाठी चहा करून अमेरिकेतले लॅटिन लोक लहान बाळांना देतात. त्याच्यासारखंच दिसणारं जपानी चक्रीफूल मात्र विषारी. २००३ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर सूचना काढली कारण तसा चहा पाजल्यावर बाळांना फिट्स आल्या होत्या. त्याच्या आधी २००१ मध्ये नेदरलँड्समध्येच चहातून साठेक माणसं आजारी पडली होती. सुकल्यावर दोन्ही चक्र्या सारख्याच दिसतात.

बरं, पुढच्या आठवड्यात काका भेटले. मी पुडी उघडून ठेवली. त्यांनी एक तुकडा दाताखाली धरला, पोऱ्याकडे नुसतं बघितलं, आणि न बोलता पांढरा काढून दिला, पैसे घेतले नाहीत, वर मूठभर वावडिंग तसंच दिलं. पोऱ्याला ओरडले नाहीत. मला बोलले, "शिकतोय अजून. मला पण बारा वर्षं लागली." ते ऐकून मला जरा बरं पण वाटलं आणि काळजी पण वाटली, कारण त्या पोऱ्याला बारा वर्षं थांबायचं नाहीये हे दिसत होतं, त्याला डिलिव्हरीची गाडी चालवायची आहे असं तो स्वतःच म्हणाला. काकांनंतर त्या खडूच्या डब्यांचं काय होणार कोण जाणे.

आता माल प्रत्यक्ष कसा निघाला ते सांगते, नाहीतर रिव्ह्यू कसला.

अळीव एक नंबर. खडे नाहीत, भिजवल्यावर मस्त फुगले. लाडू केले तिथं, नारळ फ्रोझन मिळाला पण चालला. आणि गंमत, तिथल्या सुपरमार्केटमध्ये ह्याच अळिवाची हिरवी कोवळी रोपं छोट्या डबीत मिळतात, कात्रीनं कापून ब्रेडवर घालून खातात. बी आपलं आणि पाला त्यांचा. डिंक ठीक, तळल्यावर नीट फुलला. गोडंबीत दोन-चार खवट निघाल्या. धुरीचं सामान वापरलंच नाही कारण घरात स्मोक अलार्म, जावयांनी हात जोडले, आई नको, फायर ब्रिगेड येईल.

बाळंतशोपा तर हिट झाल्या. तिथं बाळ झालं की पद्धतच आहे, एक प्रशिक्षित बाई आठवडाभर रोज घरी येते, बाळबाळंतिणीचं बघते, अगदी धुणं पण लावते. आपल्याकडे माहेरी जातात, तिथं माहेरच घरी येतं म्हणा. ती बाई आली त्या दिवशी जावयांनी तिला तिथल्या रीतीप्रमाणे टोस्ट दिला, त्यावर लोणी आणि वर गुलाबी-पांढरे साखरेचे दाणे, मुलगी झाली म्हणून गुलाबी. त्याला ते लोक माउशेस म्हणतात, म्हणजे छोटे उंदीर, कारण आत ॲनिसचा, म्हणजे बडीशेपेसारखा दाणा असतो आणि त्याला शेपटीसारखी बारीक काडी. का देतात विचारलं तर म्हणाली जुन्या बायका म्हणायच्या ह्यानं आईला दूध येतं. मी उठले आणि स्वयंपाकघरातून माझी बाळंतशोपांची बरणी आणली. तिनं चार दाणे चावले, डोळे मोठे केले, म्हणाली हे तर तेच. तेच नाही, बाळंतशोपा म्हणजे शेपूचं बी, शेपू आणि ॲनिस वेगळे, पण भावकीतले, ओवा-जिरं-बडीशेप सगळे एकाच गोतातले. तिकडं पण बाळंतिणीला त्या गोतातलंच काहीतरी द्यायचं कुणाला सुचलं आणि इकडं पण. दूध खरंच वाढतं का? मला विचाराल तर जेवणानंतर तोंडाला चव आली, पोट हलकं राहिलं, लेक खूश राहिली, त्यातच काय वाढायचं ते वाढलं असेल.

आणि गुटी. इथं मी हरले ते पण सांगते. सहाण नेली होती मी, दीड किलोची, बॅगेच्या वजनात बसवायला स्वतःचे दोन स्वेटर काढले. तिथली बाई म्हणाली सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी सुद्धा नाही. मी भारतातल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला, म्हटलं ते तरी आपल्या बाजूनं बोलतील, तर ते पण तेच म्हणाले, वर विचारलं की वेखंड कशाला देता हो. वेखंडाचं मला माहीत होतं, माहीत असून यादीत ठेवलं होतं, सासूबाईंची यादी कापायची हिंमत नव्हती. अमेरिकेनं १९६८ मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड घालायला बंदी केली, त्यातल्या एका तेलकट घटकामुळं उंदरांना गाठी झाल्या होत्या. आणि तिकडच्याच उत्तर अमेरिकेतले क्री वगैरे मूळ रहिवासी पिढ्यान्पिढ्या वेखंडाचं मूळ चघळत आलेत, गाण्याआधी घसा साफ व्हायला. मग ते कसे ठणठणीत? तर त्यांच्या वेखंडात तो घटक नसतोच. आपल्याकडच्या वेखंडात भरपूर. परत तेच बघा, नाव एक, वास पण तोच, आणि आतलं झाड निराळं. आपल्या आज्या अर्धा वळसाच उगाळायच्या, एका वळशाच्या वर वेखंड कधीच नाही, हे त्यांना कुठून कळलं होतं कोण जाणे. पण मी गुटी दिली नाही. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की देतेय. ९१ व्या वर्षी त्यांच्याशी वाद घालायचा नाही असं घरात ठरलंय.

मग त्या काड्यांचं काय केलं? लेकीनं काचेच्या उभ्या बरणीत भरून खिडकीत ठेवल्या, शो म्हणून. चिडले होते आधी. पण तिची एक शेजारीण आहे, सुरिनामची, आजी-आजोबा जावाहून तिथं मजूर म्हणून गेलेले, ती बाळ बघायला आली आणि बरणीतल्या मुरुडशेंगेकडं बघतच राहिली. म्हणाली कायु उलेस! त्यांच्या जामूत घालतात. जामू म्हणजे इंडोनेशियातले काढे, आपल्यासारखेच उगाळून-कुटून करायचे, हळद-चिंचेचा तर रोज पितात, २०२३ मध्ये युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं. पुढच्या वेळी तिनं इंडोनेशियन दुकानातून पाकीट आणून दाखवलं, आत पिळदार शेंगा, तीच मुरुडशेंग! आणि तिच्या आजीकडे पण बाळंतिणीचं पोट लांबलचक कापडानं घट्ट बांधायची पद्धत होती. आम्ही दोघी एकमेकींचं इंग्लिश अर्धं समजून तासभर बसलो.

एक दिवस जावयांनी लायडनला नेलं, तिथली वनस्पतींची बाग १५९० ची. मला ती बघायचीच होती, आणि त्यामागं एक कारण आहे. गोव्यात गार्सिया द ओर्ता म्हणून पोर्तुगीज डॉक्टर होता, अहमदनगरच्या बुरहाण निजामशहाला पण औषध द्यायचा, मुंबई बेट त्याच्याकडं भाडेपट्ट्यानं होतं. त्यानं १५६३ मध्ये गोव्यातच आपल्याकडच्या वनस्पतींवर पुस्तक छापलं. ते लॅटिनमध्ये आणलं क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं, आणि ही लायडनची बाग लावली ती पण ह्याच क्लूसियसनं. ओर्ता गेल्यावर बारा वर्षांनी इन्क्विझिशननं, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयानं, त्याची हाडं उकरून जाळली, ज्यू म्हणून. पुस्तक मात्र युरोपभर फिरत राहिलं. मग शंभर वर्षांनी डचांनी कोचीनमध्ये मलबारच्या झाडांचे बारा खंड करून घेतले, १६७८ ते १६९३, ॲमस्टरडॅमला छापलेले, त्यासाठी इट्टी अच्युतन नावाच्या मल्याळी वैद्यांनी आणि रंगभट, विनायक पंडित, आपूभट ह्या तीन कोकणी ब्राह्मणांनी माहिती दिली. त्यातल्या चित्रांवर झाडाचं नाव चार लिप्यांत कोरलंय, त्यात नागरी पण. का? कारण त्यांना माहीत होतं, एकाच नावावर विसंबलं की कुडा होतो. बागेत उभी असताना मला ती खडूची पुसलेली नावं आणि काकांचा न बघता जाणारा हात आठवत होता.

असो. तर स्टार चार. माल साडेचार, काका पाच, पोऱ्या दोन, गोडंबी तीन.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, काका असतात. दुपारी पोऱ्या असतो, तेव्हा नुसतं सुंठ-ओवा असं डोळ्यांना ओळखू येणारंच घ्या. यादी मराठीतून न्या, मोबाइलवरचं लॅटिन नाव दाखवलंत तर काका फोन उलटा धरतात. पूड घेऊ नका. अतिविष मोडून घ्या. यूपीआय आहे पण स्कॅनरवर हळदीचे डाग पडलेत, तीनदा करावं लागतं, सुटे पैसे ठेवा. बिल मागितलं तर देतात, मात्र त्यावर सगळ्याला मिळून एकच शब्द लिहितात, "औषधी", तेव्हा पुड्यांवर नावं तिथल्या तिथं स्वतः लिहून घ्या, पेन न्या, त्यांच्याकडचं चालत नाही. पार्किंगचं विचारूच नका.